हवा चांगली आहे

आमची मोठी चूक एकच. चार वर्षं आम्ही घरच्याईले हवेबद्दल खोटं सांगतलं. पगाराबद्दल नाही, तब्येतीबद्दल नाही, हवेबद्दल. आता कोणी म्हणन, हवेबद्दल खोटं बोलून कोणाचं काय बिघडते? मलेबी तसंच वाटे.

मी ममता. माहेर दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातलं, सासर पुसदच्या वरच्या अंगाले डोंगराखालच्या तांड्यात. यवतमाळले नर्सिंग केलं, मंग जर्मन शिकली, अन् आता पाच वर्षं झाली, जर्मनीच्या दक्षिणेकडे जिथून मोठे डोंगर सुरू होतात तिथल्या एका लहान्या गावच्या दवाखान्यात हाडाच्या वॉर्डात काम करतो. बादल माझा नवरा. तो तिथं सायकली जोडायच्या कारखान्यात आहे. पहिला हिवाळा आम्ही खिडकीत बसून काढला. दुपारी चारले अंधार, रविवारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अन् रविवारी मिक्सर लावला की खालची घरमालकीण आजी दार वाजवे. असा जीव गुदमरे की विचारू नका. मंग उन्हाळा आला अन् त्याच खिडकीतून दिसलं, समोरच्या डोंगरावरून रंगीत कापडाखाली बसून माणसं उडून राह्यली. बादल म्हणे, आपण शिकू. मी म्हटलं, डोस्कं फिरलं का तुह्यं? शिकाले गेलो त परीक्षा मीच त्याच्याआधी पास झाली.

बादल उडते हे तांड्यात सगळ्याईले माहीत होतं. मी उडतो हे कोणाले माहीत नव्हतं. लग्नाले सहा वर्षं झाली अन् लेकरू नाही. तिथले डॉक्टर म्हणतात, दोघंही ठीक आहे, धीर धरा. पण याडीले, म्हणजे माझ्या सासूले, आमच्या गोरबोलीत आईले याडीच म्हणतात, तिले धीर कोण देईन? दर फोनवर तिचा एकच प्रश्न, "काही हाये का पोरी?" मी म्हणे, "नाही याडी." मी डोंगरावरून उड्या मारतो हे कानावर गेलं असतं त तिले कारणच सापडलं असतं. बादल म्हणला, "तुह्यं नावच नोको काढू. मी एकटाच उडतो म्हणून सांगू." मले ते बरंच वाटलं.

म्हणून व्हिडिओत नेहमी बादलच. काढे कोण? मी. माझ्या कापडावरून, त्याच्या वरून उडतांनी. माझे सासरे लखीराम बापू ते व्हिडिओ पानठेल्यावर जाऊन एकेकाले दाखवत अन् सांगत, ड्रोननं काढते म्हणे. चार वर्षं मी ड्रोन होती, बाप्पा.

आता हवेचं सांगतो. उडणं कमी अन् वाट पाहणं जास्त, असं हे काम आहे. शनिवारपासून आम्ही दोघं फोन घेऊन बसतो. वारा किती, कोणीकडून, ढग कुठी बसन, दक्षिणेकडून तो गरम सुटलेला वारा डोंगर ओलांडून तर नाही ना येत. रविवारी पाचले उठून डबा बांधतो, पोळी-भाजीचाच, तिथला पाव मले अजून घशाखाली उतरत नाही. तारेवरच्या पाळण्यानं डोंगरावर जातो. वर गवतात बसतो अन् कापडी नळीकडे पाहत राहतो, वारा दाखवायले खांबाले बांधली असते ती. ती नळी एकदा इकडे एकदा तिकडे व्हायले लागली की बादल म्हणते, "अजून अर्धा घंटा." असे अर्धे-अर्धे घंटे करत दुपार होते. दहातले सात रविवार आम्ही उडतच नाही. पाठीवर पंधरा किलोची बॅग, तशीच खाली आणतो, खालच्या हॉटेलात कॉफी पितो, घरी येऊन कपडे धुतो. कोणाले त्याची लाज नाही वाटत तिथं. उलट जो खाली चालत येते त्याले म्हातारे उडणारे पाठीवर थाप मारतात.

पण हे घरी कसं सांगाव? रविवारी संध्याकाळी बापूचा फोन ठरलेला. "काय राजा, उडाला का आज?" नाही म्हटलं की बापूचा आवाज पडे. "काहून? तब्येत बरी नाही का? कापड फाटलं का?" अन् मागून याडी, "काय झालं, काय झालं?" तिले रातभर झोप नाही. म्हणून एका रविवारी बादलनं म्हटलं, "उडालो ना. हवा चांगली होती." अन् मागच्या महिन्याचा व्हिडिओ पाठवून देल्ला. बापू खुश, याडी झोपली. मंग तीच सवय लागली. पाऊस पडून राह्यला तरी हवा चांगली, बर्फ पडला तरी हवा चांगली. मी बाजूले बसून कांदा कापत ऐकत होती अन् हसत होती. बापूच्या डोक्यात मंग असं बसलं की हे कापड म्हणजे फटफटी. किक मारली की सुरू.

यंदा मे महिन्यात धाकट्या दिराचं, संजयचं लग्न निघालं. सुट्टी काढून आलो. बादलनं कापड सोबत आणलं, माझं नाही, त्याचंच. मले म्हणला, "आपल्या तांड्यावरून एकदा उडाव वाटते." मलेबी वाटलं. आमच्या सासरच्या तांड्यामागं चांगली टेकडी आहे, माथ्यावर देवीचं देऊळ, देवळावर पांढरी पताका, अन् वरपर्यंत जीप जाते. लग्नाच्या चार दिवस आधी पहाटे साडेपाचले आम्ही दोघं वर गेलो. वारा इतकुसा. वावरं अजून थंड. बादल दोन पावलं पळाला अन् असा अलगद निघाला की मलेच हेवा वाटला. खाली गुलाबसिंगच्या वावरात पाय टेकवले तवा अर्धा तांडा तिथं जमला होता. बापू त बादलले घट्ट धरून रडले.

अन् तिथंच, वावरात उभ्या उभ्या, बापू बोलून बसले. "नवरी तांड्यात येईन तवा माझा बादल वरून तिच्यावर फुलं टाकन." मी घुंगटातून बादलकडे पाह्यलं. तो हसून राह्यला होता. संध्याकाळी बापूनं नवरीच्या तांड्याचे नायक फुलसिंग याईले फोन करून सांगतलं. तांड्याचा नायक म्हणजे त्या तांड्यातला शेवटचा शब्द. त्याले देल्लेला शब्द चारचौघात देल्ल्यासारखा असते. बस, झालं पक्कं.

मी बादलले म्हटलं, मे महिना आहे. सकाळी आठनंतर मी तुले उडू देणार नाही. तो म्हणला, "नवरी सातलेच येते ना." आमचा हिशोब सरळ होता. लग्न ढाणकीकडच्या तांड्यात संध्याकाळी, पहाटे चारले नवरी निघन, दोन-अडीच घंट्याचा रस्ता, सातले आमच्या वेशीत. आम्ही दोघं अन् बापू रातीच जीपनं वापस आलो, याडी त घरीच होती, वरमाय जात नाही. पाचले आम्ही टेकडीवर. पोत्यात झेंडूच्या पाकळ्या. पताका पाह्यली, झ्याक होती, उलिसा वारा.

सहाले संजयचा फोन. "अजून निघालो नाही. संगीता रडून राह्यली."

संगीता म्हणजे नवरी. अन् आमच्याकडे नवरीनं रडणं म्हणजे नुसतं रडणं नाही. ढावलो म्हणतात. सासरी जातांनी नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडते अन् रडत रडत गाते, माय, तू मले कशी वाढवली, आता तुह्या चुलीपाशी कोण बसन, असं. मायचं झालं की काकीचं, काकीचं झालं की मावशीचं, मंग बहिणी, मंग शेजारच्या. ज्या बाईचा गळा राह्यला ती जन्मभर बोलून दाखवते. अन् मधात कोणी "आटपा" म्हणाव असा माणूस अजून कोणत्या तांड्यात जन्मला नाही. साडेसातले संजय म्हणला, मावशा झाल्या, आत्या राह्यल्या. नऊले म्हणला, आत्या झाल्या, आता मैत्रिणी. माझ्या स्वतःच्या लग्नात मी अडीच घंटे रडली होती, मले बोलायले तोंड नव्हतं. जर्मनीत राहून मीच हे विसरली अन् सातचा हिशोब धरला.

दहा वाजले तवा देवळाची फरशी पायाले चटका द्यायले लागली. मी बादलले म्हटलं, "चाल खाली. झालं आता." तो पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेऊन म्हणला, "येऊ त दे. मंग ठरवू." अकरा. साडेअकरा. पुसदच्या पुढं आले असा निरोप आला. साडेबारा वाजता खाली तांड्यात बँड वाजायले लागला अन् पाच गाड्या धूळ उडवत आल्या. नवरीले मांडवात बसवलं. अन् एक जीप सरळ टेकडी चढून वर आली. बापू, फुलसिंग नायक, अन् मागं पंधरा-वीस माणसं. नायकाले जवळून पाहायचं होतं म्हणे, माणूस कसा सुटते ते.

आता त्या वेळची हवा सांगतो, कारण तिथं उभ्या असलेल्या माणसाईत ती फक्त दोघाईलेच दिसून राह्यली होती. काळी वावरं नांगरून मोकळी पडली होती अन् तव्यासारखी तापली होती. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा गोळ्यानं वर सुटते. सकाळी हळू, दुपारी अशी की हाताखालून कोणी धक्का मारावा. घारी पंख न हलवता वर जाऊन राह्यल्या होत्या, अन् इतक्या जोरात की पाहता पाहता ठिपका झाल्या. पताका एकदा मरून पडे, मंग एकदम टेकडीच्या मागून फडफडे, मंग उलटी. मागून वारा म्हणजे सुटतांनीच पडणं. अन् समोर गुलाबसिंगच्या वावरात, जिथं उतरायचं होतं तिथंच, वावटळ उठली. खताची रिकामी पोती झाडाच्या वर नेली तिनं. लोक हसले. "पाहा पाहा, भूत नाचून राह्यलं."

मी नाही हसली. आमच्या वॉर्डात दर उन्हाळ्यात चार-पाच उडणारे येतात. हवेनं कापड मिटते अन् माणूस खाली येते, एवढंच असते ते. मागच्या ऑगस्टमधे एक आला, पन्नाशीचा, शाळेत मास्तर होता. हेल्मेटवर ओरखडा नव्हता. मले म्हणे, "सिस्टर, माझ्या पायात बूट आहे का?" दोन्ही पायात बूट होते. त्याले कमरेखाली काही जाणवत नव्हतं. त्या रविवारी घरी गेल्यावर बादलनं बापूले सांगतलं होतं, हवा चांगली होती.

बादल पट्टे लावून राह्यला होता. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ गेली. घुंगट खालपर्यंत ओढलेलं.

"तुले दिसते ना?" मी म्हटलं.

"दिसते."

"मंग?"

"पाच मिनिटाचं काम हाये. सरळ खाली. फिरत नाही बसणार."

"वावटळ उतरायच्या जागी हाये, बादल. तू सरळ खाली गेला तरी तिच्यातच जाशीन."

छातीचा पट्टा त्याच्यानं लागत नव्हता. मी म्हटलं, पोटात दुखते म्हण. कापडाची दोरी तुटली म्हण, मी तोडून देतो. तो म्हणला, "नायक समोर उभा हाये. लखीरामचं पोट्टं भेलं म्हणतीन. बापूले कसं सांगू?"

"तोंडानं सांग."

"तू नाही सांगू शकत अन् मले म्हणतं."

हे खरं होतं. आमच्या घरात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. सहा वर्षांत मी बापूशी एक शब्द बोलली नव्हती. चहा पाह्यजे का विचारायचं असलं की मी भिंतीकडे पाहून म्हणे, "चहा पाह्यजे का विचारा," अन् याडी विचारे. बापूबी भिंतीलेच सांगत, "अर्धा कप म्हणा." त्यात राग नाही, रीत आहे, मी कधी मनावर घेतली नव्हती. म्हणून मी पहिले रीतीनंच केलं. बादलकडे तोंड करून, सगळ्याईले ऐकू जाईन असं म्हटलं, "बापूले सांगा, हवा खराब हाये."

बादलनं काही सांगतलं नाही. खाली पाहून पट्टा ओढत राह्यला. बापूनं ऐकलं होतं, पण सुनेचं ऐकलं असं दाखवता येत नाही. ते फुलसिंगले म्हणले, "बायका भेतातच." अन् हात वर करून ओरडले, "चाल बेटा, होऊ दे."

बादलनं कापड पसरायले उचललं.

तवा मी घुंगट मागं टाकलं अन् चालत जाऊन बापूच्या समोर उभी राह्यली. इतक्या जवळ की त्याईच्या चष्म्यात मले माझंच तोंड दिसलं. आवाज नाही कापला. वॉर्डात डॉक्टरले अडवायचं असलं की जसा लागते तसाच लागला.

"बापू, याले उडू देऊ नका. मरन तो."

खालचा बँड तेवढा वाजत होता. बापू दोन पावलं मागं सरकले. पहिले त्याईनं इकडे-तिकडे पाह्यलं, भिंत शोधत होते का काय. मंग माझ्याकडे पाह्यलं.

"तुले काय समजते त्यातलं?"

"मी उडतो बापू. चार वर्षं झाली. याच्यापेक्षा जास्त उडली आहो. ते व्हिडिओ मीच काढले, वरून."

"अन् तिथं त रोज हवा चांगली असते."

"नसते. दहा वेळा गेलो त सात वेळा न उडता वापस येतो. तुमाले बरं वाटाव म्हणून याने सांगतलं नाही, अन् मीबी सांगतलं नाही. हवा अशी असली तर तिथं कोणी उभंसुद्धा राहत नाही."

बापूनं माझ्या खांद्यावरून बादलकडे पाह्यलं. "खरं हाये का?"

बादलनं मान हलवली. हो अशी.

मले वाटलं आता बापू हात उगारतात. पण ते फुलसिंगकडे वळले, टोपी काढून हातात घेतली अन् म्हणले, "नायक, मी शब्द देल्लता. वापस घेतो. माझं पोट्टं उडणार नाही."

अन् फुलसिंग नायक काय म्हणले ऐका. ते घाम पुसत म्हणले, "मंग फुलं हातानं टाकू. मले त वाटे तुमालेच लय हौस हाये म्हणून मी चूप होतो. कोणाच्या लेकराले वरून पडतांनी पाहाले मी काय आलो?" पाकळ्याचं पोतं त्याईनं स्वतः उचलून जीपमधे टाकलं. झालं. एवढंच होतं ते. पहाटपासून ज्याच्यासाठी आमचा जीव टांगणीले लागला होता ते एका वाक्यात सुटलं, अन् त्या वाक्यासाठी कोणीबी तोंड उघडत नव्हतं.

जीप खाली गेली. बापू जीपमधे नाही बसले, एकटेच पायवाटेनं उतरले. मी बादलचे पट्टे सोडले. त्याचे हात मी माझ्या हातात धरून ठेवले. मेला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मेला नाही, माझा नवरा जित्ता आहे. मी रडलीबी अन् हसलीबी. तो हात सोडवून घेऊन कापड घडी करायले लागला. मले वाटलं, धक्का बसला असन.

आम्ही खाली पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मांडवात संगीतावर पाकळ्या पडून राह्यल्या होत्या, बायका गात होत्या, अन् याडी चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती. माझ्या तोंडाकडे नाही, पोटाकडे. जवळ आली, माझं घुंगट सारखं केलं अन् हळूच म्हणली, "म्हणूनच." दुसरं काही नाही. चिडली असती त बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी मले भांडता येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाव्हणे गेले. आमचं नागपूरचं विमान चार दिवसांवर होतं. याडीनं मले अन् बादलले सोबतच ताटावर बसवलं. तिनं माझ्यासाठी गोड केलं होतं, तूप वाढलं, डोक्यावरून हात फिरवला. बापू बाहेर बाजेवर पडले होते, दाराकडे पाठ करून. कालपासून ते कोणाशीच बोलत नव्हते, पण बाहेर सगळं ऐकू जाते.

"पोरी, तुह्यावर माझा राग नाही," याडी म्हणली. "तुह्यामुळे माझं लेकरू वाचलं. पण इतके वर्षं तू आभाळात धक्के खाल्ले, तुह्या कुशीत काय टिकन? तू आता इथं राह. एक वरीस. मी तुले भाकर करू देत नाही, पाणी आणू देत नाही. पुसदच्या डॉक्टरीणले दाखवू, पोहरादेवीले नवसाले जाऊ. कूस भरली की जा मंग खुशाल. बादल जाईन पुढं."

"याडी, डॉक्टरनं सांगतलं, त्याचा उडण्याशी काही संबंध नाही."

"डॉक्टर काय सांगन. मी सांगतो."

"माझी नोकरी हाये तिथं."

"बादल कमावते ना. बायकोले पोसत नाही का?" अन् ती हसली, मायेनं. तिनं माझे कपडे बादलच्या बॅगेतून काढून तिच्या लोखंडी पेटीत घडी करून ठेवलेबी होते. सकाळीच. माझी निळी साडी, माझं जॅकेट, सगळं. एकेक घडी इस्त्रीसारखी.

आता तांड्यात एक गोष्ट दोघाईलेच माहीत होती. बादलचा तिथला व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. मी गेली नाही त तोबी राहू शकत नाही. हे त्यानं घरी कधी सांगतलं नाही, बापू पानठेल्यावर सांगत की पोरगा बायकोले जर्मनीले घेऊन गेला. मी सांगू शकत होती. तोंडाशी आलं होतं. पण मी गिळलं. काल त्याच्यासाठी मी बोलली होती, सहा वर्षांची रीत मोडून, वीस माणसाईसमोर. आज एक वाक्य त्यानं बोलाव. असं, की ती नाही येत त मीबी नाही जात. किंवा नुसतं, नाही याडी. दोन शब्द. मले तेवढेच पाह्यजे होते, अन् ते त्याच्याच तोंडून पाह्यजे होते.

मी बादलकडे पाह्यलं. तो भात कालवून राह्यला होता. कालवतच होता, खात नव्हता.

"बादल," मी म्हटलं, "याडी काय म्हणते ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग सांग त्याईले."

बाहेर बाज वाजली. बापू उठून बसले असतीन. याडी वाटी हातात धरून त्याच्या तोंडाकडे पाहत होती, मीबी पाहत होती. त्यानं एकदा दाराकडे पाह्यलं, बापूच्या पाठीकडे, अन् मान खाली घातली.

"पाहू," तो म्हणला. "याडी म्हणते त राह ना काही दिवस. लोकाईतबी आता लय झालं कालचं."

याडीनं माझ्या ताटात अजून एक चमचा तूप सोडलं. बादलनं पहिला घास तोंडात टाकला. चांगलं धडधाकट माणूस, दोन हात, दोन पाय, जेवत होता.

मले वाटलं, काल याले उडू द्यायले पाह्यजे होतं.